जागा तीच, घर नंबर नवा

भाचा इंदिरानगरहून लॅपटॉप घेऊन आला, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरूनच कळलं की काहीतरी उडवून आलाय. झाकण उघडलं. काळाकुट्ट पडदा, कोपऱ्यात पांढऱ्या अक्षरांत 'ग्रब' (सिस्टीम सुरू करून देणारा लिनक्सकडचा छोटा प्रोग्राम) आणि त्यापुढे लुकलुकणारा कर्सर. बाकी शुकशुकाट.

"मामा, मी फक्त उबुंटू काढलं. विंडोजला हातही लावला नाही. मग विंडोज का येत नाही?"

प्रश्न रास्त होता. उबुंटू म्हणजे लिनक्सचा एक प्रकार, विंडोजसारखीच कॉम्प्युटर चालवणारी सिस्टीम. एकाच लॅपटॉपवर दोन सिस्टीम नांदतात, त्यातली एक काढली तर दुसरीचं काय बिघडावं?

लॅपटॉप २०१६ सालचा, आत एक टीबीची फिरती हार्ड डिस्क. तिच्या एका भागात, म्हणजे पार्टिशनमध्ये, विंडोज १०, दुसऱ्यात उबुंटू. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (मशीनची सुरक्षा सांभाळणारा भाग) लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा. याचा सहाव्या पिढीचा. म्हणून कॉलेजच्या एका सॉफ्टवेअरपुरतं विंडोज ठेवायचं आणि रोजचं काम लिनक्सवर करायचं, असं त्याचं गणित होतं. मात्र उबुंटूशी त्याचं जमेना. मित्रांकडे लिनक्स मिंट पाहिलं, ते आवडलं. मग आपण कोणीही करू तेच त्याने केलं. आधी जुना भाडेकरू बाहेर, मग नवा आत. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन उबुंटूच्या पार्टिशनवर राइट क्लिक केलं आणि डिलीट मारलं. मिंट टाकायचा पेन ड्राइव्ह नंतर बनवू म्हणाला आणि त्याआधी एकदा रीस्टार्ट केलं. तिथेच अडकला.

पॉवरचं बटण दाबतो त्या क्षणी प्रोसेसरला विंडोजही माहीत नसतं आणि लिनक्सही. तो मदरबोर्डवरच्या चिपमधला छोटा प्रोग्राम चालवू लागतो. आपण सगळे त्याला अजून बायोस म्हणतो. बायोस १९८१ च्या आयबीएम पीसीबरोबर आला आणि त्याची समज बेताची होती: डिस्कचे पहिले ५१२ बाइट वाचायचे आणि तिथला प्रोग्राम चालवायचा. त्यातले ४४६ बाइट प्रोग्रामला, ६४ पार्टिशनच्या नोंदींना आणि शेवटचे दोन ओळखीच्या खुणेला. ६४ बाइटांत चारच नोंदी मावतात, म्हणून जुन्या मशीनवर मुख्य पार्टिशन चारच. प्रोग्रामला जागा एकच असल्याने शेवटी येईल तो आधीच्याला पुसून बसायचा. विंडोज नव्याने टाकलं की लिनक्स 'गायब' व्हायचं, ते यामुळे. ज्यांनी तो काळ पाहिलाय त्यांना आठवत असेल.

आताच्या मशीनवर बायोसच्या जागी यूईएफआय असतं. ते बरंच शहाणं आहे, त्याला फोल्डर आणि फाइल कळतात. डिस्कवर एक छोटं पार्टिशन असतं, विंडोजने बनवलं असेल तर बहुधा १०० एमबीचं. 'माय कॉम्प्युटर'मध्ये ते दिसतही नाही. नाव ईएफआय सिस्टीम पार्टिशन. त्यात प्रत्येक सिस्टीमचा एकेक फोल्डर: एक मायक्रोसॉफ्टचा, एक उबुंटूचा. शिवाय मदरबोर्डच्या स्वतःच्या स्मृतीत एक यादी असते, कोणाला आधी हाक मारायची याची. उबुंटू टाकताना ते या यादीत स्वतःला पहिला नंबर लावून घेतं. म्हणजे इतके दिवस भाच्याचं विंडोजसुद्धा उबुंटूच्या ग्रबच्या हातून सुरू होत होतं. त्याला याचा पत्ताच नव्हता.

डिलीट झालं ते उबुंटूचं मोठं पार्टिशन. छोट्या पार्टिशनमधला त्याचा फोल्डर तसाच राहिला, यादीतला पहिला नंबरही तसाच. तिथे ग्रबजवळ तीन ओळींची एक चिठ्ठी असते. अमुक क्रमांकाचं पार्टिशन शोध, त्यातल्या अमुक फोल्डरमध्ये जा, तिथला मेनू वाच. विंडोजचं नाव ज्या मेनूत होतं, तो मेनूच डिलीट झालेल्या भागात होता. बिचारा ग्रब पत्ता घेऊन निघाला, पत्त्यावर काही नाही, मग दारातच कर्सर लुकलुकवत उभा राहिला.

रीस्टार्ट करून एफ१२ दाबलं (ही की प्रत्येक कंपनीची वेगळी) आणि यादीतून 'विंडोज बूट मॅनेजर' निवडलं. विंडोज ठणठणीत उघडलं. भाच्याचा जीव भांड्यात पडला, पण अर्धा मिनिटच.

"मामा, प्रोजेक्ट उबुंटूत होता."

आमच्याकडे दिंडोरीच्या बाजूला जमीन असलेल्या कोणालाही विचारा. सातबाऱ्यावरची नोंद उडाली म्हणून वावरातली द्राक्षबाग उडत नाही. डिस्कचाही असाच सातबारा असतो, जीपीटी नावाचा. नेहमीच्या मांडणीत त्यात १२८ नोंदींची जागा, प्रत्येक नोंद १२८ बाइटची, म्हणजे सगळा मिळून १६ केबी. एक टीबीच्या डिस्कची वाटणी एवढ्याशा कागदावर! याची दुसरी प्रत डिस्कच्या अगदी शेवटी असते, पण इथे तिचा उपयोग नव्हता. डिलीट करताना दोन्ही प्रती बदलतात. ती प्रत कागद फाटला तर कामाची, आपणच खाडाखोड केली तर नाही.

डिलीटने गेली होती ती फक्त नोंद. दुसऱ्या मशीनवर मिंटचा पेन ड्राइव्ह बनवला, लॅपटॉप त्यावरून सुरू केला आणि टेस्टडिस्क नावाचा मोफत प्रोग्राम चालवला. तो मोजणीदारासारखा डिस्कवर फिरतो आणि खुणेचे दगड शोधतो. लिनक्सच्या ईएक्सटी४ पद्धतीने आखलेल्या प्रत्येक भागात, सुरुवातीपासून १०२४ बाइटवर, 'सुपरब्लॉक' नावाची माहितीची पाटी असते आणि त्या पाटीत ठरलेल्या जागी 'ईएफ५३' ही खूण. ती सापडली की इथे कोणाचं तरी वावर होतं हे कळतं, आणि केवढं होतं हेही त्याच पाटीवर लिहिलेलं असतं. आमचा चहा होईपर्यंत खूण सापडली. नोंद परत लिहिली, रीस्टार्ट केलं आणि ग्रबचा जांभळा मेनू पहिल्यासारखा समोर आला.

ग्रबला मी हात लावला नव्हता. मग त्याला पत्ता कसा सापडला? चिठ्ठीतला तो 'अमुक क्रमांक' म्हणजे यूयूआयडी, १२८ बिटांचा एक लांबलचक आकडा. तो सातबाऱ्यात नसतो, त्या सुपरब्लॉकच्या पाटीवरच कोरलेला असतो. नोंद परत आल्यावर पाटी दिसू लागली, पाटीवर क्रमांक तोच. चिठ्ठी पुन्हा खरी ठरली.

यावर कोणी भरवसा ठेवू नये, हे मात्र मी भाच्याला दोनदा बजावलं. त्याचं नशीब की डिस्क फिरती होती आणि मोकळ्या झालेल्या जागेवर अजून काही लिहिलं गेलं नव्हतं. एसएसडीचा, म्हणजे चिपवरच्या न फिरणाऱ्या डिस्कचा, कारभार वेगळा. 'ही जागा आता रिकामी' असा निरोप तिला मिळाला, की ती फावल्या वेळात तिथला मजकूर स्वतःच साफ करते. या निरोपाला ट्रिम म्हणतात, आणि ईएक्सटी४ ने फॉरमॅट करताना तो सहसा आपोआप जातो. मग मोजणीदाराला ना दगड सापडतो, ना बाग.

प्रोजेक्ट बाहेरच्या डिस्कवर उतरवला आणि मग खरी अदलाबदल केली. खरं तर तिच्यात सांगण्यासारखं थोडंच आहे. जुनं पार्टिशन आधी डिलीट करायचं नाही. मिंटच्या इन्स्टॉलरमध्ये स्वतः पार्टिशन निवडायचा पर्याय घ्यायचा, उबुंटूचं पार्टिशन दाखवायचं आणि त्याच्यापुरती फॉरमॅटची खूण करायची. ईएफआयचं छोटं पार्टिशन वापरायला द्यायचं, पण फॉरमॅट करायचं नाही. विंडोजचा फोल्डर तिथेच आहे. सगळी जोखीम फॉरमॅटची खूण करायच्या त्या एका चौकटीत आहे. उबुंटूचं पार्टिशन फॉरमॅट झालं की जागा तीच, भिंती त्याच, पण घर नंबर नवा, कारण दर फॉरमॅटला यूयूआयडी नव्याने पडतो. इन्स्टॉलर तीन ओळींची चिठ्ठी नव्या नंबरासह पुन्हा लिहून देतो. जीबीच्या जीबी फाइल कॉपी होतात त्याकडे आपण डोळे लावून बसतो, पण मशीन उद्या उघडणार की नाही हे त्या चिठ्ठीवर ठरतं.

आधी करायच्या दोन गोष्टी मात्र राहू देऊ नका. विंडोजचं 'फास्ट स्टार्टअप' बंद करा. ते चालू असलं की शटडाउन हे खरं शटडाउन नसतं. विंडोज आपला गाभा डिस्कवर जपून ठेवून डुलकी काढतं, आणि त्या वेळी लिनक्समधून त्याच्या ड्राइव्हवर लिहिलं तर डेटाची वाट लागू शकते. दुसरं, बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप. बऱ्याच नव्या लॅपटॉपवर डिस्क आधीपासून कुलूपबंद असते आणि मालकाला गंधवार्ता नसते. बूटचा क्रम बदलला की टीपीएमला संशय येतो आणि विंडोज ४८ अंकी किल्ली मागतं. ती बहुतेकदा आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. आधीच उतरवून ठेवा, आणि त्याच लॅपटॉपवर नको.

मिंट छान चाललं. मग भाच्याने विंडोज उघडलं. रात्रीचे साडेनऊ झालेले, विंडोजच्या घड्याळात दुपारचे चार!

मदरबोर्डवर बॅटरीवर चालणारं एक घड्याळ असतं. पीसीच्या जुन्या काळापासून चालत आलेल्या सवयीने विंडोज त्यातली वेळ स्थानिक समजतं. लिनक्स त्यात जागतिक वेळ, म्हणजे यूटीसी ठेवतं आणि दाखवताना साडेपाच तास मिळवतं. मिंटने घड्याळ यूटीसीला लावलं, विंडोजने ते जसंच्या तसं वाचलं. भाच्याने हा घोळ उबुंटूत पूर्वीच मिटवला होता, पण ती सेटिंग उबुंटूबरोबरच गेली. मिंटला एका आज्ञेने 'घड्याळ स्थानिक वेळेलाच ठेव' असं सांगितलं, झालं.

निघता निघता त्याने एफ१२ दाबून यादी पाहिली आणि ओरडलाच, "मामा, उबुंटू अजून आहे!"

नव्हतं. ते मिंटच होतं. सिक्युअर बूट चालू असेल तर यूईएफआय डिजिटल सहीशिवायचा प्रोग्राम चालवत नाही. मिंट सही केलेला ग्रब उबुंटूकडूनच घेतं, आणि त्या ग्रबमध्ये चिठ्ठीचा पत्ता 'उबुंटू' फोल्डरचा असा पक्का बसवलेला असतो. तो बदलायला गेलं तर सही मोडते. म्हणून मिंट त्याच नावाच्या फोल्डरमध्ये राहतं आणि यादीतही तेच नाव लावतं. फेडोरा हे आणखी एक लिनक्स टाकलं असतं तर त्याचा स्वतःचा फोल्डर झाला असता आणि उबुंटूचा बेवारस राहिला असता, तो वेगळा काढावा लागला असता. जुन्या नाशकात वाडे अजून मूळ मालकाच्या नावाने ओळखतात, आतली बिऱ्हाडं कधीच बदललेली असतात. तसंच हे. भाच्याला पटलं, पण आवडलं नाही. नाव बदलता येतं का, हे तो जिन्यावरून उतरतानाही विचारत होता.