समाजोपयोगी इष्टतमीकरण : पुण्यातील अध्यापन-संशोधनाची वाट

हाताशी असलेली साधने आणि घातलेल्या मर्यादा सांभाळून ठरवलेले उद्दिष्ट जास्तीत जास्त कसे साधेल, हे शोधणारी गणिताची शाखा म्हणजे इष्टतमीकरण. वर्गात सर्रास ‘ऑप्टिमायझेशन’ किंवा नुसते ‘ओआर’ (ऑपरेशन्स रिसर्च) म्हणतात. पाणी, रुग्णवाहिका, शाळा-कॉलेजांचे प्रवेश, अवयवदान असे सार्वजनिक प्रश्न घेऊन या शाखेत शिकवण्याचे आणि संशोधनाचे काम करता येते. पुण्याच्या विद्यार्थ्याला असा प्रश्न खडकवासल्यापासूनच भेटतो.

खडकवासला (1.97), पानशेत (10.65), वरसगाव (12.82) आणि टेमघर (3.71) या चार धरणांची मिळून साठवणक्षमता 29.15 टीएमसी (अब्ज घनफूट). त्यातूनच शहराची तहान भागवायची आणि त्यातूनच मुठा कालव्याने दौंड-इंदापूरकडच्या शेतीला आवर्तने, म्हणजे ठरावीक काळाने सोडायचे पाणी, द्यायची. कालवा सल्लागार समितीच्या बैठकीच्या बातम्या दरवर्षी पेपरात येतात; त्यामागे नेमके गणित कोणते, ते एका छोट्या उदाहरणात दिसते. समजा, 100 एकक पाणी सोडायचे आहे. कालव्याच्या तोंडाशी सोडलेल्यातले 80 टक्के शेतात पोहोचते. शेवटच्या टोकाला, पाझर आणि बाष्पीभवन वजा जाता, 50 टक्केच. ‘शेतात पोहोचणारे एकूण पाणी जास्तीत जास्त’ हे उद्दिष्ट दिले, तर उत्तर अगदी सरळ येते : सगळे पाणी तोंडाशी द्या, 80 एकक पोहोचतील. टोकाच्या गावाला शून्य. गणित चुकलेले नसते, सांगितले तेच त्याने केलेले असते. आता ‘ज्याला सर्वांत कमी मिळते त्याला जास्तीत जास्त मिळो’ असे उद्दिष्ट बदलले, की तोंडाला सुमारे 38 आणि टोकाला 62 एकक सोडावे लागतात. दोघांच्या शेतात जवळजवळ 31-31 पोहोचतात, पण एकूण पाणी 62 च्या आसपास उतरते. हा 18 एककांचा फरक म्हणजे समन्यायाची किंमत. ती मोजायची किती आणि मोजायची कोणी, हा या विषयाचा गाभा आहे. सॉफ्टवेअरला उत्तर काढायला क्षणभर लागतो; उद्दिष्टाची एक ओळ लिहायला मात्र महिने जावेत, आणि ते जायलाच हवेत.

शाखेचा इतिहास याच अंगाने वाचावा. सोव्हिएत गणितज्ञ लिओनिद कांतोरोविच यांनी 1939 मध्ये प्लायवूड कारखान्यातील यंत्रांच्या कामवाटपावरून ही पद्धत मांडली. असे प्रश्न पायरीपायरीने सोडवण्याची जॉर्ज डँट्झिग यांची सिम्प्लेक्स रीत 1947 ची. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज स्टिग्लर यांनी 1945 मध्ये पोषणाच्या अटी पाळणारा स्वस्तात स्वस्त आहार काढला, त्यात गव्हाचे पीठ, आटवलेले दूध, कोबी, पालक आणि सुक्या शेंगबिया एवढेच उरले. असे रोज कोण खाईल? पुण्याच्या गोखले संस्थेत अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी 1971 मध्ये दारिद्र्याचा अभ्यास केला, तेव्हा त्यांचा प्रश्न वेगळा होता : लोक प्रत्यक्षात जसे खातात तसे खाऊन माणशी रोज 2,250 कॅलरी मिळवायला किती खर्च येतो? ते इष्टतमीकरण नव्हते. तरीही प्रश्न कसा विचारावा, याचा धडा या विषयाच्या विद्यार्थ्याने तिथूनच घ्यावा.

मोठ्या प्रश्नांची उत्तरे वेगाने मिळू लागण्यात एका मराठी माणसाचा मोठा वाटा आहे. नरेंद्र करमरकर यांनी 1984 मध्ये बेल लॅब्जमध्ये असताना मांडलेली रीत सिम्प्लेक्ससारखी कडेकडेने न जाता व्यवहार्य क्षेत्राच्या, म्हणजे सगळ्या मर्यादा पाळणाऱ्या पर्यायांच्या, आतून उत्तराकडे जाते. पुढे पुण्यात ‘एका’ हा महासंगणक उभा राहिला. सर्वांत वेगवान महासंगणकांच्या नोव्हेंबर 2007 च्या जागतिक यादीत तो चौथा होता.

शिक्षणाचा मार्ग नेहमीचाच : गणित, संख्याशास्त्र किंवा अभियांत्रिकीची पदवी, मग पदव्युत्तर शिक्षण, नेट किंवा गेट, आणि साधारण पाच वर्षांची पीएच.डी. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ आणि 2006 मध्ये सुरू झालेली आयसर (भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था) ही शहरातली ठिकाणे. ओआरच्या स्वतंत्र अभ्यासक्रमासाठी अनेकजण आयआयटी मुंबई गाठतात. रुग्णवाहिका कुठे उभ्या कराव्यात यासाठी चर्च आणि रेव्हेल यांचे 1974 चे प्रारूप आजही पहिला धडा म्हणून चालते. घरच्या दात्याचे मूत्रपिंड जुळत नसलेल्या रुग्णांमध्ये दात्यांच्या अदलाबदलीच्या जोड्या लावणे हा त्याहून अलीकडचा, आणि जिवाशी थेट भिडणारा, विषय.

प्रबंधात सहसा न दिसणारे काम कालव्यावर होते. आवर्तन सुटले की कोणी कोणाच्या मागून पाणी घ्यायचे याची शेजपाळी लागते. कागदावरची पाळी आणि रात्री दोन वाजता चारीवर (शेतापर्यंतच्या छोट्या पाटावर) प्रत्यक्ष आलेले पाणी यांत अंतर असते, आणि पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याशी बोलल्याशिवाय ते आकड्यांत उतरत नाही. 2005 च्या कायद्याने शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थांना व्यवस्थापनाचा अधिकार दिला आहे. संशोधकाने आपले प्रारूप आधी अशा संस्थेच्या बैठकीत, मराठीत, समीकरणाशिवाय मांडावे. ‘एकूण पाणी वाढते’ म्हटल्यावर टोकाचा शेतकरी पहिला प्रश्न विचारतो : कोणाचे?