नायकाची शोधयात्रा

घर सोडून निघालेला नायक, वाटेतील परीक्षा, अवचित भेटलेला साहाय्यक, मरणाच्या दारातून सुटका आणि काही मिळवून गावी परतणे, असा जगभरच्या पुराणकथा व लोककथांत आढळणारा कथाबंध. सात समुद्रांपलीकडच्या पोपटात जीव ठेवणाऱ्या राक्षसाची गोष्ट ऐकलेल्या मराठी मुलाला तो नकळत ठाऊक असतो.

रशियन अभ्यासक व्लादिमिर प्रॉप यांनी १९२८ मध्ये सुमारे शंभर रशियन अद्भुतकथा तपासून पात्रांच्या ३१ क्रिया निश्चित केल्या. प्रत्येक कथेत त्या सगळ्या येत नाहीत, पण ज्या येतात त्या साधारणपणे ठरलेल्या क्रमानेच. अमेरिकन पुराणकथा-अभ्यासक जोसेफ कॅम्पबेल यांनी १९४९ मध्ये प्रस्थान, दीक्षा आणि पुनरागमन असे तीन टप्पे मांडले आणि हा बंध अवघ्या मानवजातीचा असल्याचे म्हटले. दोघांत प्रॉप यांचे काम अधिक भरवशाचे, कारण त्यांनी आपले क्षेत्र आखून घेतले होते. सोयीच्या कथा निवडल्याचा आणि स्त्रियांना दुय्यम स्थान दिल्याचा आक्षेप कॅम्पबेल यांच्यावर घेतला जातो. यमाच्या मागे चालत जाऊन नवऱ्याचे प्राण परत आणणारी सावित्री महाभारताच्या वनपर्वात आहे. तिच्या कथेत शोधही आहे आणि परतणेही.

सोलापूरचे ग्रामदैवत सिद्धेश्वर, म्हणजे बाराव्या शतकातील शिवयोगी सिद्धराम, यांची कथा या बंधाचे ठळक उदाहरण आहे. सोन्नलगीच्या, म्हणजे जुन्या सोलापूरच्या, शिवारात गुरे राखणाऱ्या पोराला मल्लय्या नावाचा एक जंगम, म्हणजे वीरशैव साधू, भेटतो. पोराने भाजून दिलेला हुरडा तो खातो आणि वर दहीभात मागतो. सिद्धराम आईकडे, सुग्गलादेवीकडे, धावत जाऊन तो घेऊन येतो, तर शेतात कोणीच नाही. ‘मल्लय्या, मल्लय्या’ अशा हाका मारीत तो यात्रेकरूंबरोबर श्रीशैलला, आंध्रातल्या मल्लिकार्जुनाच्या तीर्थक्षेत्री, पोहोचतो. तिथे लिंगरूपातला देव दाखवतात, पण आपला मल्लय्या हा नव्हे, म्हणून तो हटून बसतो आणि अखेर कड्यावरून उडी घ्यायला निघतो. तेव्हा मल्लिकार्जुन त्याला सावरतो आणि गावी परत जायला सांगतो.

या कथेत कोणाचा वध नाही, राजकन्या नाही, की लपवलेला खजिना नाही. परतलेला सिद्धराम अडुसष्ट लिंगे स्थापतो आणि तळे खोदतो. कथेचा सारा भार या परतल्यानंतरच्या कामावर आहे. पाण्याची ददात असलेल्या मुलखात नायकाने तळे आणावे, हे सोलापूरकराला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. मकर संक्रांतीच्या गड्डा यात्रेत आजही नंदीध्वजांची मिरवणूक या लिंगांच्या प्रदक्षिणेला निघते, तेलाभिषेक होतो आणि दुसऱ्या दिवशी संमती कट्ट्यावर अक्षता पडतात. या अक्षता सिद्धरामाच्या योगदंडाशी झालेल्या कुंभारकन्येच्या प्रतीकात्मक विवाहाच्या. लग्न करून नायक स्थिरावतो, हा लोककथांचा नेहमीचा शेवट इथे दंडावर येतो आणि योगी योगीच राहतो.

वीरशैव परंपरेत कथा इथेही थांबत नाही. तळ्याचे काम चालू असताना वीरशैव संत अल्लमप्रभू येतात, या कामाच्या अभिमानावर बोट ठेवतात आणि सिद्धरामाला बसवेश्वरांच्या कल्याणला, म्हणजे कर्नाटकातील आजच्या बसवकल्याणला, घेऊन जातात. बोलावणे, प्रस्थान, दीक्षा पुन्हा सुरू होते, तीही पुनरागमन झाल्यावर. कॅम्पबेल यांच्या तीन टप्प्यांत या दुसऱ्या प्रस्थानाला जागा नाही.