मानसिक आघात, न शमलेला

जीवावर बेतलेला प्रसंग, अत्याचार, अपघात, युद्ध किंवा नैसर्गिक आपत्ती यांतून गेलेल्या व्यक्तीवर झालेला आणि प्रसंग सरून महिने किंवा वर्षे लोटली तरी न ओसरलेला परिणाम. ‘ट्रॉमा’ या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ जखम असा असून शल्यचिकित्सेत तो आजही शारीरिक इजेसाठीच वापरतात. मनाच्या जखमेसाठी तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाला. मराठीतील ‘धसका घेणे’, ‘हाय खाणे’ हे वाक्प्रचार याच अनुभवाचे होत, आणि हाय खाल्लेला माणूस अंथरूण धरतो हे त्यांत गृहीतच आहे. आघाताचा प्रसंग आणि त्यातून उद्भवणारा विकार यांत मात्र भेद केला पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार जगातील सुमारे ७० टक्के लोकांच्या वाट्याला आयुष्यात केव्हातरी असा प्रसंग येतो, परंतु आघातोत्तर ताणविकृती (पीटीएसडी; प्रसंगाची आठवण पुन्हापुन्हा उसळून भीती व अस्वस्थता टिकून राहणारा मनोविकार) जडते ती त्यांपैकी सुमारे ५.६ टक्क्यांना.

भय व शोक यांमुळे शरीर बिघडते ही कल्पना प्राचीन आहे. चरकसंहितेत (सामान्यतः इ. स. पू. दुसरे ते इ. स. दुसरे शतक यांदरम्यानची मानली जाते) अतिसाराच्या सहा प्रकारांत भयज आणि शोकज असे दोन प्रकार सांगितले असून, रोग वाढविणाऱ्या कारणांत विषाद अग्रणी असल्याचे ‘विषादो रोगवर्धनानाम्’ या शब्दांत म्हटले आहे. ग्रीक इतिहासकार हीरॉडोटसने इ. स. पू. ४९० च्या मॅरेथॉनच्या लढाईतील एपिझेलस या अथेन्सच्या सैनिकाची हकीकत दिली आहे. ढालीवर दाढी रुळणारा एक धिप्पाड शत्रू एपिझेलसच्या अंगावरून पुढे गेला व त्याने शेजारच्या सैनिकाला मारले. एपिझेलसला स्वतःला कोठेही वार लागला नव्हता, तरी तो त्या क्षणापासून कायमचा आंधळा झाला. आघातोत्तर विकृतीचे हे पहिले उदाहरण असल्याचे काही लेखक सांगतात. तथापि प्राचीन वर्णनांना आधुनिक निदान चिकटविणे धोक्याचे असल्याने, ही परिणामांची प्राचीन नोंद आहे एवढेच म्हणणे अधिक सयुक्तिक ठरते.

आधुनिक चर्चेची सुरुवात रणांगणावर नव्हे, रेल्वेच्या रुळांवर झाली. रेल्वे-अपघातातून वरवर धडधाकट बाहेर पडलेले प्रवासी पुढे पाठदुखी, निद्रानाश, थरथर व विस्मरण यांच्या तक्रारी घेऊन येत. लंडनचे शल्यचिकित्सक जॉन एरिक एरिक्सन यांनी १८६६ मध्ये याचे कारण पाठीच्या कण्याला व मज्जारज्जूला बसलेला हादरा हे असल्याचे मांडले आणि या विकाराला ‘रेल्वे स्पाइन’ असे नाव पडले. नुकसानभरपाईच्या दाव्यांत हे मत कळीचे ठरे, कारण कण्याला इजा नसेल तर तक्रार ढोंगाची ठरण्याची भीती असे. हर्बर्ट पेज यांनी १८८३ मध्ये एरिक्सन यांचा प्रतिवाद करून अशा बहुतेक रुग्णांत भय हेच कारण असल्याचे प्रतिपादले. पेज हे स्वतः एका रेल्वे कंपनीचे शल्यचिकित्सक होते, हे त्यांचे मत वाचताना ध्यानात ठेवावे लागते. असे असूनही पुढील संशोधनाने अधिक पाठबळ त्यांनाच दिले. ९ जून १८६५ रोजी स्टेपलहर्स्ट येथे झालेल्या अपघातातून बचावलेले चार्ल्स डिकन्स यांचे उदाहरण या संदर्भात पुष्कळदा दिले जाते. त्यांनी आपल्या टोपीतून पाणी आणून जखमींना पाजले आणि त्या वेळी ते शांत होते. पुढे मात्र साध्या घोडागाडीतही एकाएकी भीतीची लाट येत असल्याचे त्यांनी लिहिले आहे.

बर्लिनचे हेर्मान ओपेनहाइम यांनी १८८९ मध्ये ‘आघातज मज्जाविकृती’ ही संज्ञा पुढे आणताना मज्जासंस्थेतील सूक्ष्म शारीरिक बदलांवर भर दिला, तर पॅरिसमध्ये झां मार्तँ शार्को यांनी अशा लक्षणांची सांगड हिस्टेरियाशी (शारीरिक इजा नसताना शारीरिक लक्षणे दिसणाऱ्या, त्या काळच्या एका निदानाशी) घातली. शार्को यांच्या परंपरेतील प्येअर झाने यांचा विचार आजच्या उपपत्तींना सर्वांत जवळचा वाटतो: असह्य अनुभव स्मृतीच्या नेहमीच्या प्रवाहात मिसळत नाही, तो तुटून वेगळा राहतो आणि पुन्हापुन्हा उसळतो. पहिल्या महायुद्धात हाच वाद नव्याने झाला. चार्ल्स मायर्स यांनी फेब्रुवारी १९१५ मध्ये ‘शेल शॉक’ (तोफगोळ्याचा धक्का) हा शब्द वैद्यकीय वाङ्मयात आणला. फ्रेडरिक मॉट यांनी स्फोटाचा धक्का व विषारी वायू यांमुळे मेंदूला इजा होत असल्याचे मत मांडले. पण जवळपास एकही तोफगोळा न फुटलेल्या सैनिकांतही तीच लक्षणे दिसू लागल्याने ते अपुरे पडले. १९२२ च्या ब्रिटिश चौकशी समितीने हा शब्दच वर्ज्य करावा अशी शिफारस केली. एब्रॅम कार्डिनर यांनी १९४१ मध्ये या विकाराला देह व मन दोन्हींचा विकार मानले, आणि आजचे संशोधन बव्हंशी याच वाटेने चालले आहे. व्हिएटनाम युद्धातील माजी सैनिक व बलात्कारपीडित स्त्रिया यांच्याविषयीच्या अभ्यासांनंतर १९८० मध्ये अमेरिकन मनोविकार संघटनेने ‘आघातोत्तर ताणविकृती’ला स्वतंत्र निदानाचे स्थान दिले.

शरीरातील यंत्रणेबाबतचे संशोधन अपेक्षेपेक्षा गुंतागुंतीचे निघाले आहे. संकटात मेंदूतील अधोथॅलॅमस, मेंदूच्या तळाशी असलेली पोष ग्रंथी व मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथी यांची साखळी कार्यान्वित होऊन कॉर्टिसॉल हे तणावाचे संप्रेरक स्रवते आणि धोका टळल्यावर तेच कॉर्टिसॉल साखळीला आवर घालते. दीर्घ तणावात त्याचे प्रमाण वाढलेले राहत असणार अशी अटकळ होती. परंतु १९८६ मध्ये जॉन मेसन व त्यांच्या सहकाऱ्यांना अशा रुग्णांच्या मूत्रात कॉर्टिसॉल उलट कमी आढळले. आवर घालणारी यंत्रणाच अतिसंवेदनशील झालेली असते, असे स्पष्टीकरण रेचल येहुदा यांनी दिले. सर्वच अभ्यासांत हा निष्कर्ष सारखा मिळत नाही.

स्मृतीशी संबंधित हिप्पोकॅम्पस या मेंदूच्या भागाविषयी असाच पेच आहे. १९९५ मध्ये डग्लस ब्रेम्नर यांच्या गटाला व्हिएटनाममध्ये लढलेल्या रुग्णांत उजवा हिप्पोकॅम्पस सरासरी सुमारे ८ टक्क्यांनी लहान आढळला आणि आघाताने मेंदू झिजतो असा अर्थ त्यातून काढण्यात आला. २००२ मध्ये मार्क गिल्बर्टसन व सहकाऱ्यांनी एकबीज जुळ्यांच्या जोड्या तपासल्या. त्यांतील एक भाऊ युद्धावर गेलेला, दुसरा घरी राहिलेला. तीव्र विकृती जडलेल्या सैनिकांचा हिप्पोकॅम्पस लहान होताच, पण घरी राहिलेल्या त्यांच्या भावांचाही तेवढाच लहान होता. म्हणजे निदान काही अंशी हा आघाताचा परिणाम नसून आघात न पचण्याची पूर्वीचीच प्रवणता असावी. याउलट हृदयविकाराबाबत जुळ्यांचाच पुरावा परिणामाच्या बाजूने जातो. व्हायोला वकारिनो यांच्या २०१३ मधील अभ्यासात सुमारे १३ वर्षांच्या अवधीत हृद्‌रोहिणीविकाराचे प्रमाण विकृती असलेल्यांत २२.६ टक्के, तर नसलेल्यांत ८.९ टक्के होते. एकाला विकृती व दुसऱ्याला नाही अशा जोड्यांतही फरक कायम राहिला.

बालपणीच्या आघातांविषयी व्हिन्सेंट फेलिटी व रॉबर्ट अँडा यांचा १९९८ चा सॅन डिएगो येथील अभ्यास आधारभूत मानला जातो. मारहाण, लैंगिक अत्याचार, घरातील व्यसन इत्यादी प्रतिकूल अनुभवांपैकी चार किंवा अधिक प्रकार वाट्याला आलेल्यांत मद्यासक्ती, मादक द्रव्यांचे व्यसन, नैराश्य व आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका ४ ते १२ पट आढळला. हृदय, फुप्फुसे व यकृत यांच्या विकारांचे प्रमाणही चढत्या क्रमाने वाढत गेले. माहिती प्रौढांच्या आठवणींवर आधारलेली होती, ही त्याची मर्यादा होय. आघाताचा ठसा जनुकांवरील रासायनिक खुणांद्वारे पुढील पिढीत उतरतो, या बहुचर्चित मताला मानवातील पुरावा अद्याप तोकडा आहे.

महाराष्ट्रात या विषयाकडे लक्ष वेधले गेले ते ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपाने. गणेशविसर्जन आटोपून लोक झोपले असता पहाटे चारच्या सुमारास दगडमातीच्या भिंती व जड माळवदे अंगावर कोसळली. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, बचावलेल्यांच्या लहान गटाच्या प्राथमिक पाहणीत निम्म्याहून अधिक व्यक्तींत मनोविकार आढळला. त्यांत आघातोत्तर ताणविकृती व नैराश्य प्रमुख होते. छताखाली झोपण्याची धास्ती गावोगाव होती. एरवीही आपल्याकडे असे रुग्ण प्रथम मनोविकारतज्ज्ञाकडे जात नाहीत. छातीत धडधडणे, डोके जड होणे, हातापायांची आग होणे अशा तक्रारी घेऊन ते फॅमिली डॉक्टरकडे येतात, तपासण्यांत काही निघत नाही आणि मूळ दुखणे अंगावर काढले जाते.

उपचारांत आघातकेंद्री बोधनिक वर्तनोपचार (आघाताविषयीचे विचार व वागणे बदलण्याचा संवादोपचार), सुरक्षित वातावरणात त्या स्मृतीला टप्प्याटप्प्याने सामोरे जाणे आणि फ्रान्सीन शपिरो यांची नेत्रचालनपद्धती (स्मृती मनात आणताना डोळे ठरावीक रीतीने हलविण्याची पद्धत) यांना चांगला आधार आहे. नेत्रचालनाचा स्वतंत्र वाटा किती, याविषयी मतभेद आहेत. औषधांपैकी सर्ट्रालीन व पॅरॉक्सेटीन ही नैराश्यरोधके प्रचलित आहेत. दुर्घटनेनंतर लगेच सर्वांना एकत्र बसवून एकदाच मन मोकळे करायला लावण्याची पद्धत पूर्वी लोकप्रिय होती, परंतु तिने विकृती टळत नाही असे पुढे आढळले. पहिल्या महिन्यातील तीव्र ताणासाठी बेंझोडायझेपीन गटातील शामक गोळ्या देऊ नयेत, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत नमूद आहे.