दोन सिमचा राउटर म्हणजे अखंड नेट?

ग्रामीण भागातल्या रुग्णवाहिका आणि अग्निशमन गाड्यांसाठी राउटर घेताना एक सल्ला हमखास मिळतो: दोन सिमचा घ्या, एक कंपनी गेली की दुसरी आहेच, नेट तुटणार नाही. हे अर्धसत्य आहे.

बहुतेक स्वस्त दोन-सिम राउटरमध्ये मोडेम (मोबाइल नेटवर्कशी जोडणारा भाग) एकच असतो. म्हणजे एका वेळी एकच सिम चालू. पहिल्याचं नेट गेलंय हे आधी राउटरला कळायला हवं, मग तो दुसरं सिम नेटवर्कवर नोंदवणार. यात अर्धा-एक मिनिट सहज जातं, तोवर रुग्णालयाकडे चाललेला ईसीजी अडकतो. दोन्ही जोडण्या खरोखर एकाच वेळी जिवंत हव्या असतील तर दोन मोडेमचा राउटर लागतो. माहितीपत्रकात ‘ड्युअल सिम’ ठळक छापलेलं असतं. मोडेमची संख्या शोधावी लागते. शिवाय दोन्ही कंपन्यांची यंत्रणा एकाच टॉवरवर असेल आणि तिथली वीज गेली, तर दोन्ही सिम सोबतच गप्प.

माझ्या मते पहिला खर्च टपावरच्या अँटेनावर करावा. गाडीचा पत्रा सिग्नल अडवतो, त्यामुळे डॅशबोर्डवर ठेवलेला महागडा ५जी राउटरही कमी पडतो. दूरच्या टॉवरसाठी ३५०० मेगाहर्ट्झपेक्षा ७०० ते ९०० मेगाहर्ट्झचे पट्टे (मोबाइल लहरींचे बँड) कामाचे, कारण ते लांब पोहोचतात. राउटर आणि अँटेना दोन्ही ते पकडतात का, हे तपासून घ्या. अँटेनाची केबलही आखूड ठेवा, लांब केबलमध्ये सिग्नल विरतो.