वाघनख आणि बिचवा: दोन हात, दोन कामं

अफजलखानाचा कोथळा कशाने काढला? मराठी घरातलं लहान पोरही लगेच सांगेल, वाघनखांनी. बिचव्याचं नाव बहुतेकांनी ऐकलेलं असतं, पण तो नेमका कसा दिसतो हे विचारलं की गोंधळ सुरू होतो. कुणी बिचवा म्हणजे वाघनखाचंच दुसरं नाव समजतं, कुणी त्याला छोटी कट्यार म्हणतं. मला ही सरमिसळ खटकते, कारण ही दोन हत्यारं वेगळी समजली नाहीत तर प्रतापगडाखाली १० नोव्हेंबर १६५९ ला काय घडलं तेही नीट कळत नाही.

आधी वाघनख. हे खरं तर हातात धरायचं नव्हे, बोटांत चढवायचं हत्यार आहे. एक आडवी पोलादी पट्टी, तिला आतल्या बाजूला वळलेल्या चार-पाच नख्या आणि पट्टीवर दोन अंगठ्या. एक अंगठी तर्जनीत जाते, दुसरी करंगळीत. पट्टी बोटांच्या आतल्या बाजूला राहते आणि मूठ मिटली की नख्या तळव्यात लपतात. बाहेरून दिसतात त्या फक्त दोन अंगठ्या. मल्लांच्या वज्रमुष्टीचे काटे बोटांच्या पेरांवर, बाहेर असतात आणि वार ठोशाचा असतो. वाघनखाचा वार मात्र पंजाचा. हात उघडायचा, रुतवायचा आणि ओढायचा. (लहान मुलांच्या गळ्यात सोन्यात मढवून घालतात तेही वाघनखच, पण ते खऱ्या वाघाचं.)

बिचवा म्हणजे चक्क पातं. लांबी वीतभर, फार तर थोडी जास्त. पातं दुधारी आणि दोनदा वळलेलं, विंचवाच्या नांगीसारखं. हिंदीतल्या बिच्छूवरून नाव पडलं ते म्हणूनच. दक्षिणेत म्हशीच्या शिंगापासून खंजीर करत, त्या शिंगाचा नैसर्गिक बाक पुढे धातूच्या पात्यातही उतरला असं मानतात. त्याची मूठ कट्यारीच्या मुठीहून अगदी निराळी असते. कट्यारीला दोन उभ्या दांड्या आणि मध्ये आडवी पकड असते, बिचव्याला मात्र बोटांभोवती फिरणारं बंद कडं. हात त्या कड्यात गेला की झटापटीतही हत्यार निसटत नाही आणि बोटांनाही आडोसा मिळतो. वार भोसकण्याचा. धार दोन्हीकडे असल्यामुळे पातं आत जाताना कापतं आणि बाहेर येतानाही.

आता कृष्णाजी अनंत सभासदाची बखर पाहू. राजाराम महाराजांच्या काळात, १६९४ च्या सुमारास लिहिलेली. ती म्हणते की खानाने शिवाजी महाराजांची मान खाकेत आवळली आणि जमदाडीचा, म्हणजे एका जातीच्या कट्यारीचा, वार कुशीत केला. महाराजांच्या अंगात चिलखती कुडती होती. जमदाड तिच्यावर खरखरत गेली, अंगाला लागली नाही. मग महाराजांनी डाव्या हाताचं वाघनख खानाच्या पोटात चालवलं आणि उजव्या हाताने बिचव्याचा वार केला. याच वर्णनात सभासद एक बारीकशी गोष्ट सांगून जातो, खानाच्या अंगात नुसता झगा होता.

मला सगळ्यात मोलाची वाटते ती हीच नोंद. चिलखताच्या कड्यांवर वाघनखाचं काही चालत नाही. नख्या आखूड, आणि ओढण्याच्या वाराला भोसकण्याइतका जोर नसतो. खानाने चिलखत घातलं असतं तर डावा हात जवळपास वायाच गेला असता. कापड आणि उघडं पोट यांवर मात्र तोच पंजा भयंकर ठरतो. शिवाय गळामिठीत हात मागे घेऊन जोर लावायला जागा नसते, आणि वाघनखाला ती लागतही नाही. खोल जाणारा घाव बिचव्याचा. वाघनखाने फाडायचं आणि बिचव्याने आत शिरायचं, अशी ही कामाची वाटणी. आपल्या चित्रांनी ती पुसून सगळं श्रेय एकाच हाताला दिलं.

गोंधळाला आणखी एक कारण आहे. काही कारागिरांनी दोन्ही हत्यारं एकत्रही केली, वाघनखाच्याच पट्टीला बाजूने बिचव्याचं पातं जोडलं. तसा नमुना पाहिलेल्या माणसाला दोन्ही एकच वाटली तर त्याला बोल लावता येणार नाही.

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातलं वाघनख जुलै २०२४ मध्ये साताऱ्याला आलं, तेव्हा लोकांनी रांगा लावल्या. मराठ्यांचा इतिहास लिहिणारा ब्रिटिश अधिकारी ग्रँट डफ साताऱ्याचा रेसिडेंट, म्हणजे तिथला इंग्रजांचा प्रतिनिधी, असताना त्याला ते मिळालं, असं त्याच्या पेटीवर लिहिलं आहे. पण ते महाराजांनी वापरलेलंच आहे हे सिद्ध करता येत नाही, असं खुद्द त्या संग्रहालयाचंही म्हणणं आहे. मला त्यापेक्षा नमुना म्हणून त्याचं मोल मोठं वाटतं. असं वाघनख काचेमागे दिसलं तर आधी अंगठ्या शोधा आणि आपली तर्जनी व करंगळी त्यांत आहे अशी कल्पना करून हळूहळू मूठ मिटा. नख्या कुठे गेल्या ते कळेल. मग शेजारच्या कपाटात वळलेल्या पात्याचं, कड्याच्या मुठीचं एखादं हत्यार आहे का ते बघा.