गोल्फ : हेतू आणि ओढ

लहान, टणक चेंडू काठीने टोलवत दूरच्या खळगीत घालण्याचा मैदानी खेळ. ज्याचे टोले सर्वांत कमी तो जिंकतो. काठीला क्लब म्हणतात आणि एका फेरीत जास्तीत जास्त १४ क्लब जवळ ठेवता येतात. चेंडूचे वजन ४५.९३ ग्रॅमपेक्षा जास्त आणि व्यास ४२.६७ मिलिमीटरपेक्षा कमी चालत नाही. खळगीचा व्यास १०८ मिलिमीटर, म्हणजे चहाच्या बशीपेक्षाही लहान. पूर्ण फेरी १८ खळग्यांची असते. ती पायी करायची तर चारेक तास जातात आणि सात-आठ किलोमीटरची रपेट होते.

मराठवाड्यात हा खेळ फारसा रुजलेला नाही, पण त्याची निम्मी ओळख विटीदांडूने आधीच करून दिलेली आहे. गलीवर आडवी विटी ठेवून ती कोलायची, मग उडवून टोला मारायचा आणि अंतर दांडूने मोजायचे : वकट, लेंड, मूंड, नाल. (ही गणती तेलुगूतल्या ओकटि, रेंडु, मूडु, नालुगुवरून आली, हे देगलूर-बिलोलीकडच्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही.) फरक दोन. विटीदांडूत मोजणी जितकी वाढेल तितकी चांगली, गोल्फमध्ये जितकी कमी तितकी. आणि विटीदांडूत झेल घ्यायला समोर पोरे टपून उभी असतात. गोल्फचा चेंडू कुणी अडवत नाही. तो गवतात निमूट पडून असतो, खेळाडूला हवा तेवढा विचार करू देतो, आणि तरीही चुकतो.

गोल्फचा हेतू इथेच कळतो. प्रतिस्पर्धी नावापुरता असतो. खरा सामना जमिनीशी. प्रत्येक खळगीसाठी अपेक्षित टोल्यांची संख्या, म्हणजे ‘पार’, ठरलेली असते : ३, ४ किंवा ५. एक टोला कमी लागला तर बर्डी, एक जास्त लागला तर बोगी. वाटेत वाळूचे खड्डे (बंकर), वाढलेले गवत (रफ) आणि पाणी असते. चेंडू जिथे आणि जसा पडला तिथूनच खेळायचा, हा मूळ नियम. नशिबाने चेंडू खुराच्या खड्ड्यात गेला म्हणून तो उचलून बरा ठेवता येत नाही.

हौशी खेळाडूंसाठी ‘हँडिकॅप’, म्हणजे ज्याच्या-त्याच्या कुवतीप्रमाणे एकूण टोल्यांतून वजा करायचा आकडा, ही सोय आहे आणि प्रस्तुत लेखकाला ती या खेळातली सर्वांत शहाणी गोष्ट वाटते. कच्च्या खेळाडूचा हँडिकॅप १८ आणि पक्क्याचा ४ असेल, आणि पहिल्याने ९२ टोले व दुसऱ्याने ७९ घेतले, तर वजाबाकीनंतर ७४ विरुद्ध ७५ : कच्चा जिंकला. आजोबा आणि नातू बरोबरीने खेळू शकतील असे खेळ थोडेच. कुस्तीत हे शक्य नाही.

बहुतेक वेळा पंच शेजारी नसतो आणि चूक स्वतःच कबूल करायची असते. १९२५ च्या अमेरिकी ओपन स्पर्धेत बॉबी जोन्स यांनी आपला चेंडू जरासा हलल्याचे सांगून स्वतःवर एक टोल्याचा दंड लावून घेतला. इतर कुणाला ते दिसले नव्हते. स्पर्धा बरोबरीत गेली आणि फेरसामन्यात ते हरले.

ओढ कशाची? शंभर टोल्यांत चार-पाच टोले असे लागतात की हाताला धक्काच जाणवत नाही. आवाज स्वच्छ येतो, चेंडू वर चढतो आणि काही क्षण खाली यायचे नावच घेत नाही. बाकीचे पंचाण्णव विसरायला तेवढे पुरते. चेंडू असा तरंगतो त्याला त्याच्या अंगावरच्या खळ्या कारणीभूत आहेत. या खळ्या हवेचा पातळ थर चेंडूला धरून ठेवतात, त्याला मागे खेचणारा हवेचा जोर घटतो. गुळगुळीत चेंडू त्याच टोल्यात जवळपास निम्मेच अंतर कापतो. हे आधी खेळाडूंनाच उमगले : जुने, ओरखडे पडलेले चेंडू नव्यांपेक्षा लांब जातात.

खेळ वाढला स्कॉटलंडमध्ये, समुद्रकाठच्या वालुकामय, पिकाला नालायक अशा ‘लिंक्स’ जमिनीवर. आपल्याकडच्या गायरानाची ती बहीण : मेंढ्या चरायच्या आणि लोक खेळायचे. लोक धनुर्विद्येचा सराव सोडून हेच करतात म्हणून १४५७ मध्ये तिथल्या संसदेने गोल्फवर बंदी घातली होती. १८ खळग्यांचा प्रघात तिथल्याच सेंट अँड्र्यूज गावचा, १७६४ पासूनचा. त्या गावचे जुने मैदान आजही रविवारी खेळाला बंद असते आणि गावकरी त्यावर फिरायला येतात. आपल्याकडे गोल्फ म्हटले की कुंपण आणि पहारेकरी डोळ्यांपुढे येतात, म्हणून हे मुद्दाम नोंदवले.

भारतात तो इंग्रजांबरोबर आला. १८२९ चा कोलकात्याचा रॉयल क्लब ब्रिटिश बेटांबाहेरचा सर्वांत जुना गोल्फ क्लब मानतात. पुढे छावण्या आणि थंड हवेच्या ठिकाणांमधून खेळ पसरला. टोकियो ऑलिंपिकमध्ये अदिती अशोक एका टोल्याने पदक हुकून चौथ्या आल्या. ७ ऑगस्ट २०२१ च्या त्या पहाटे बर्डी म्हणजे काय हे ठाऊक नसलेल्या घरांतही टीव्ही सुरू होते. संध्याकाळी नीरज चोप्राचा भाला गेला आणि सकाळची गोष्ट मागे पडली.

मराठवाड्यात अडचण पाण्याची. १८ खळग्यांच्या मैदानाला शंभर ते दोनशे एकर जागा लागते आणि गवत हिरवे ठेवायला बारमाही पाणी. २०१६ मध्ये गोल्फ ११२ वर्षांनी ऑलिंपिकमध्ये परतला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले आणि उच्च न्यायालयाने आयपीएलचे सामने राज्याबाहेर हलवायला सांगितले. त्या हिशेबात गोल्फ मैदानाची बाजू मांडणे कठीण.

गंमत अशी की उष्ण देशांतल्या मैदानांवर लावतात ते बर्म्युडा गवत म्हणजे आपली हरळीच. गणपतीला वाहतो ती दूर्वाही तीच. काळ्या रानात शेतकरी तिच्यामुळे मेटाकुटीला येतो. उन्हाळ्यात नांगरट करून काशा वेचाव्या लागतात आणि एक कांडे राहिले तरी पावसाबरोबर पुन्हा फुटते. तिकडे तिच्याच संकरित जाती खळगीभोवती लावून तीन-चार मिलिमीटरवर कातरतात आणि त्यासाठी माणसे पगारावर ठेवतात.

पाण्याविना खेळण्याचा एक जुना मार्ग मात्र आहे. कोरड्या मुलखात खळगीभोवती गवताऐवजी तेल मिसळलेली वाळू दाबून बसवतात. तिला ‘ग्रीन’ न म्हणता ‘ब्राऊन’ म्हणतात. भारतातल्या कित्येक छावण्यांत अशीच मैदाने होती. भोवतीची जमीन मुरमाड माळासारखी, पावसाळ्यात येईल तेवढेच गवत. चेंडू खळगीत पडला की कोपऱ्यात ठेवलेली फळी ओढून वाळू सपाट करायची आणि पुढच्या खेळाडूला जागा द्यायची.