जन्मजात हृदयदोष : आनुवंशिक कारणे

गर्भात हृदयाची घडण बिघडल्यामुळे बाळ जो दोष घेऊन जन्मते, तो जन्मजात हृदयदोष. हजार जिवंत जन्मांमागे साधारण ८ ते १० बाळांत तो आढळतो. गर्भधारणेनंतर २२व्या दिवसाच्या सुमारास नळीसारखे हृदय धडधडू लागते आणि ८व्या आठवड्याअखेर पडदे, झडपा, मोठ्या धमन्या बहुतांशी तयार असतात. दिवस गेल्याची खात्री होईपर्यंत घडणीचे काम सुरूही झालेले असते. ग्रहण पाळले नाही म्हणून बाळाच्या हृदयाला भोक पडले, असे आईला आजही ऐकावे लागते. या समजुतीला काडीचा आधार नाही.

पुष्कळ बाळांत एक ठरावीक कारण सापडत नाही. अनेक जनुकांचा थोडाथोडा वाटा असतो. आईचा आटोक्यात नसलेला मधुमेह आणि गरोदरपणातला रुबेला ही आनुवंशिक नसलेली ठळक कारणे. गुणसूत्रांच्या दोषांत डाऊन सिंड्रोम सर्वांत जास्त दिसतो. २१वे गुणसूत्र तीनदा आलेल्या या बाळांपैकी ४० ते ५० टक्क्यांना हृदयदोष असतो. त्यात वरच्या-खालच्या कप्प्यांमधला सामाईक पडदा अपुरा राहणे हा खास प्रकार. मुलीत एक एक्स गुणसूत्र कमी असलेल्या टर्नर सिंड्रोममध्ये अनेकदा महाधमनी अरुंद होते किंवा तिची झडप दोनच पाकळ्यांची असते. नूनन सिंड्रोम हा जनुकातला दोष; त्यात अनेकदा फुप्फुस धमनीची झडप अरुंद असते. जवळपास निम्म्या रुग्णांत पीटीपीएन११ जनुकात बदल मिळतो. टीबीएक्स५ हे जनुक बिघडले की हृदयाच्या पडद्याबरोबर हाताचा अंगठाही सदोष होतो. म्हणूनच हृदयाचा आवाज ऐकणाऱ्या डॉक्टरने बाळाचे हातही पाहिले पाहिजेत.

सर्वांत जास्त निसटते ते २२क्यू११ विलोपन. २२व्या गुणसूत्राचा साधारण ३० लाख बेसजोड्यांचा (डीएनएच्या शिडीतल्या पायऱ्यांचा) तुकडा गळतो, त्यात टीबीएक्स१ हे जनुक जाते आणि हृदयातून बाहेर पडणाऱ्या धमन्यांची विभागणी चुकते. टेट्रालॉजी ऑफ फॅलो (हृदयातले चार दोष एकत्र), ट्रंकस आर्टेरिओसस (दोन मोठ्या धमन्यांऐवजी एकच), महाधमनीची कमान तुटलेली असणे, असे दोष दिसले की या विलोपनाची शंका घ्यावीच. टाळूत दोष, दूध नाकातून येणे, रक्तात कॅल्शियम कमी होऊन झटके, थायमस ही प्रतिकारशक्तीच्या पेशी घडवणारी ग्रंथी लहान असणे किंवा नसणे, ही सोबतची लक्षणे. निदान शस्त्रक्रियेआधी हवे, कारण त्यावर तयारी बदलते : कॅल्शियम तपासून सांभाळावे लागते आणि रक्त विकिरणित करूनच (त्यावर किरण सोडूनच) द्यावे लागते. तसे न केल्यास दात्याच्या लिंफोसाइट या पांढऱ्या पेशी प्रतिकारशक्ती कमी असलेल्या बाळाच्या शरीरावरच उलटू शकतात.

हा तुकडा गळाल्याचे साध्या कॅरिओटाइपमध्ये, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली गुणसूत्रे पाहण्याच्या चाचणीत, सहसा दिसत नाही. लहान तुकड्यांची उणीव शोधणाऱ्या फिश किंवा मायक्रोॲरे या चाचण्या लागतात. उलट डाऊन सिंड्रोममध्ये कॅरिओटाइपच हवा, कारण जादा गुणसूत्र दुसऱ्या गुणसूत्राला चिकटले आहे का, हे मायक्रोॲरे सांगत नाही. कॅरिओटाइपसाठी रक्त हिरव्या झाकणाच्या हेपरिन नळीत, मायक्रोॲरेसाठी जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए नळीत घेतात; २-३ मिलि पुरते. हेपरिन नळीतल्या पेशी जिवंतच पोहोचायला हव्यात. नमुना गोठला किंवा गाडीत तापला, तर पेशी वाढत नाहीत आणि बाळाला पुन्हा टोचावे लागते. रक्त चढवण्याआधी नमुना घेणे उत्तम.

गोव्यात म्हापशाचे जिल्हा रुग्णालय (आझिलो) असो, मडगावचे जिल्हा रुग्णालय (हॉस्पिसियो) की एखादे खासगी प्रसूतिगृह, जन्मानंतर २४ तासांनी उजव्या हाताला आणि एका पायाला पल्स ऑक्सिमीटर लावणे काही मिनिटांचे काम आहे. रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा ९० टक्क्यांखाली गेला तर थांबू नये. बाळाला बांबोळीला, गोवा वैद्यकीय महाविद्यालयात पाठवावे. आकडा चांगला आला तरी पडद्याचे भोक नसेलच असे नाही.

एका बाळाला सुटा (सोबत इतर दोष नसलेला) हृदयदोष असेल, तर पुढच्या बाळाला धोका साधारण २ ते ३ टक्के. २२क्यू११ विलोपन दहापैकी नऊ वेळा नव्याने घडते. पण आई किंवा वडिलांत तेच असेल, तर प्रत्येक गरोदरपणात धोका ५० टक्के. म्हणून दोघांचेही रक्त तपासतात. त्यांचा अहवाल पुढच्या गरोदरपणाआधी हाती असेल, तर ११ ते १३ आठवड्यांत वारेचा नमुना किंवा १५ आठवड्यांनंतर गर्भजल तपासता येते. गर्भाच्या हृदयाची सोनोग्राफी १८ ते २२ आठवड्यांत होते. बाळ दगावण्याची भीती असेल, तर पालकांच्या संमतीने त्याचे थोडे रक्त डीएनएसाठी राखून ठेवावे. नंतर कारण शोधायला दुसरा नमुना मिळत नाही.